आईला नावेतून काशीचे घाट दाखवायचे आहेत: क्रूझ घ्यावी की साधी नाव?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन काशीला जाते आहे. दोघीच. आई ७६ वर्षांची. डावा गुडघा बदललेला, उजवा 'अजून चालतोय' असं ती म्हणते (चालत नाही). 'काशीस जावे नित्य वदावे' हे आमच्या घरी गेली तीस वर्षं वदूनच झालंय. बाबा असताना दोनदा रिझर्व्हेशन काढून रद्द केलं, एकदा म्हैस विणार होती म्हणून आणि एकदा माझी बारावी होती म्हणून. आता यंदा तरी गंगेत घोडं न्हाऊ दे.

विश्वनाथाचं दर्शन, अन्नपूर्णा, काळभैरव ही माहिती मिळाली. अडलंय नावेपाशी. आईची एकच फर्माईश आहे, 'सगळे घाट पाण्यातून बघायचे'. पायी घाट-घाट हिंडणं तिला जमणार नाहीच. नेटवर बघितलं तर एसी क्रूझपासून वल्ह्याच्या नावेपर्यंत सगळं आहे आणि प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणतोय. सकाळी जावं की संध्याकाळी आरतीला? कुठल्या घाटावर चढणं सोपं? आई कठड्याला किंवा माझ्या हाताला धरून वीस-पंचवीस पायऱ्या उतरते, मग थोडं बसते. पाण्याला भीत नाही, जन्म कृष्णेकाठी गेलाय. बाथरूमची मात्र अडचण आहे, दर दीड तासाने लागतं. स्पष्टच लिहिते, कारण हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

भटक्या नाना

ताई, डोळे मिटून क्रूझ घ्या. रविदास घाटावरून सुटते. जेटीवरून सरळ आत जायचं, खाली एसी, वर मोकळा डेक, बाथरूम आत. आम्ही सोळा जण होतो, सगळे साठीच्या पुढचे, कोणाला काही त्रास नाही. ऑनलाइन बुकिंग होतं, घासाघीस नाही. फक्त बुक करताना चुकून ती गंगाविलास बघू नका, ती वाराणसी ते दिब्रुगड ५१ दिवसांची आहे, आई तिकडेच राहतील. 😄

दुर्गाघाटकर

नानांचं बाथरूमबद्दलचं म्हणणं खरं आहे, ते आधीच मान्य करून टाकतो. बाकीच्या बाबतीत वाद घालणार आहे.

आधी माझी ओळख. जन्म बनारसचा, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीतल्या वाड्यात. आठ पिढ्या तिथेच. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील पोस्टात. मी नोकरीसाठी डोंबिवलीला आलो त्याला सव्वीस वर्षं झाली. अजूनही माझ्या मराठीला इथले लोक हसतात, कारण आम्ही 'मी येऊन राहिलो' असं काहीतरी मधेच बोलतो आणि चिडलो की थेट बनारसी सुरू होते. वर्षातून दोनदा जातो. मागच्या फेब्रुवारीत माझ्या ७९ वर्षांच्या आत्याला नेलं होतं, तिचेही गुडघे असेच. त्यामुळे जे लिहितोय ते तिच्या गुडघ्यांच्या अनुभवावरून.

चूक आधी सांगतो, कारण ती मीच केली. आत्याला आरती पाण्यातून दाखवायची म्हणून संध्याकाळी एका मोठ्या मोटारबोटीत जागा घेतल्या. दशाश्वमेधासमोर नावा लागायला लागल्या की एकीला एक, तिला तिसरी, अशा दोरांनी बांधत जातात. आमची बोट दुसऱ्या रांगेत, मागे आणखी पाच रांगा. आरती पाऊण तास चालते. त्याच्या आधी पाऊण तास जाऊन जागा धरावी लागते. आणि संपल्यावर मागच्या नावा हलेपर्यंत तुम्ही हलूच शकत नाही. पस्तीसाव्या मिनिटाला आत्या माझ्या कानात म्हणाली, 'बाळ्या, जायचंय.' कुठे नेणार? त्या शंखांच्या आवाजात ती बिचारी तासभर ओठ दाबून बसली. परत आल्यावर मला म्हणाली, आरती छान होती रे, पण माझं लक्ष नव्हतं.

म्हणून: आरती जमिनीवरून बघा, तीही दशाश्वमेधला नाही, अस्सीला. अस्सीची आरती लहान असते, खुर्ची मिळते, माणसं कमी, उठून जाता येतं. आणि नाव घ्या ती सकाळची.

सकाळच का, तर काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळं गाव पश्चिम काठावर आहे. घाटांचं तोंड पूर्वेला. समोरच्या काठावर नुसती रेती, एक घर नाही. सूर्य त्या रेतीवरून वर येतो आणि पहिलं ऊन थेट घाटांवर पडतं. चुनारचा दगड आहे तो, एरवी मळकट दिसतो. त्या वीस मिनिटांत हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा होतो. संध्याकाळी हाच घाट सावलीत असतो आणि त्यावर लाल-निळे दिवे सोडलेले असतात.

आता क्रूझ का नको. क्रूझ मोठी, तिला पाणी खोल लागतं, ती काठापासून लांबून जाते. वरच्या डेकवरून घाट एखाद्या फोटोच्या पट्टीसारखे सरकतात. वल्ह्याची नाव पायऱ्यांपासून पंधरा-वीस हातांवरून जाते. कपडे आपटणारा धोबी तुम्हाला दिसतो, त्याने शिव्या दिल्या तर ऐकू येतात. आणि डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. हे घाट, हे वाडे नदीवरून बघायलाच बांधलेत. यांची पाठ गल्लीत आहे, तोंड पाण्याकडे. मी तिथे वाढलो, पण आमचा स्वतःचा वाडा पुढून कसा दिसतो हे मला सातव्या वर्षी नावेत बसल्यावर कळलं.

तर अस्सीवर नाव धरा. अस्सी दक्षिणेचं टोक, तिथून प्रवाहाबरोबर जायचं. नावाड्याला त्रास कमी, नाव हलत नाही, आणि मोटार नसल्यामुळे आवाज फक्त वल्ह्याचा. ते वल्हंही बघण्यासारखं असतं. लांब बांबू आणि टोकाला ठोकलेली फळी, नावेच्या खुंटाला दोराच्या कडीत अडकवलेलं. ती कडी दर ओढीला कुरकुरते. नावाडी मधेमधे ओंजळभर पाणी त्या दोरावर टाकतो, दोर भिजला की गप्प बसतो.

अस्सीहून निघालात की लगेच तुळशीघाट. तुलसीदास इथे राहिले, इथेच गेले. त्याच्या वरचा मोहल्ला भदैनी. झाशीची राणी तिथे जन्मली, मोरोपंत तांब्यांची मनू. नाव मणिकर्णिका का ठेवलं ते पुढे तासाभराने आपोआप कळतं.

मग किल्ल्यासारखी भिंत दिसेल तो चेतसिंह घाट. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्ज काशीच्या राजाकडून पैसे उकळायला आला, राजाला इथेच कैदेत ठेवलं. राजा पगड्या एकमेकींना बांधून खिडकीतून नदीत उतरला आणि पसार झाला. मग गावानं उलटा हिसका दाखवला आणि हेस्टिंग्जच रातोरात चुनारला पळाला. 'घोडे पर हौदा, हाथी पर जीन' हे आम्ही शाळेत असताना एकमेकांच्या मागे ओरडत पळायचो. खिडकी कुठली म्हणून नावाड्याला विचारा. दर नावाडी वेगळी दाखवतो.

हरिश्चंद्र आणि केदार घाट येतील. केदारच्या पायऱ्यांना लाल-पांढरे पट्टे आहेत, लगेच ओळखू येतो. पुढे थोडा वेळ आईला विचारू नका, नुसतं बघू द्या.

राजा घाटापासून मात्र जागं व्हायचं, कारण इथून आपली मंडळी सुरू होतात. राजा घाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे दत्तक चिरंजीव, पेशवाई हुकली ते इथे येऊन राहिले. पुढे दरभंगा आणि मुन्शी घाट एकमेकांना लागून. मुन्शी म्हणजे श्रीधर नारायण मुन्शी, नागपूरकर भोसल्यांचा कारभारी. १८१२ च्या सुमाराला त्याने तो उंच राजवाड्यासारखा घाट बांधला, पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजाने त्याचा भाग विकत घेतला. आज तिथे हॉटेल आहे. लोक त्याचे फोटो काढतात आणि 'दरभंगा पॅलेस' म्हणतात. नागपूरच्या माणसाचं नाव कोणी घेत नाही. तुम्ही घ्या.

त्याला लागून अहिल्याबाई घाट. हिच्याबद्दल मी काय सांगावं. १७८० साली विश्वनाथाचं आजचं देऊळ उभं केलं ते हिने. सोन्याचा पत्रा नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिला, पण खाली दगड होळकरांचा. नव्या कॉरिडॉरमध्ये तिचा पुतळा आहे, दर्शनाच्या गडबडीत सुटतो, आईंना दाखवा.

मणिकर्णिकेबद्दल लोक उगाच घाबरवतात. चिता दिसतात, रात्रंदिवस. नावाडी तिथे नाव थोडी आत घेतो. मोबाइल पिशवीत ठेवायचा. फोटो काढायचा नाही, हे नियम म्हणून नाही, कोणाचं तरी माणूस आहे ते. घाटावर उतरायचं नाही, कारण 'लाकडं दान करा, म्हातारीचं पुण्य होईल' म्हणून एक जण चिकटतो आणि आकडा हजारांनी सुरू होतो. नावेत कोणी येत नाही. आईंना बघवणार नाही असं वाटलं तर नावाड्याला आधी सांगा. पण माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांना काही होत नाही. आपणच मान फिरवतो.

त्याच्याच पुढे पाण्यात वाकडं उभं असलेलं देऊळ, रत्नेश्वर. वर्षातले कित्येक महिने गाभारा पाण्याखाली असतो. शेजारचा शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमाराला बांधायला घेतला, इतका भारी की तो पायातूनच खचला. देवळाच्या दोन कथा आहेत. एक, कोणा सेवकाने आईसाठी बांधलं आणि 'आईच्या ऋणातून मोकळा झालो' म्हणाला, त्याच क्षणी देऊळ कललं. दोन, अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने स्वतःचं नाव दिलं म्हणून शाप लागला. नावाडी बाई बघून पहिली सांगतो.

मग भोसले घाट, नागपूरकरांचा. त्याची भिंत बघा, नुसती सपाट, दारूगोळ्याचं कोठार वाटावं अशी. आणि मग पंचगंगा.

पंचगंगेवर मी थोडा वेळ काढतो, आमचं आहे ते. वर उंचावर आलमगिरी मशीद. जुनं बिंदुमाधवाचं देऊळ पाडून त्या जागी औरंगजेबाने बांधली. तिला दोन मिनार होते, गावात सगळ्यांत उंच. जेम्स प्रिन्सेप इथल्या टांकसाळीत होता, तेव्हा त्याने ते कलणारे मिनार दुरुस्त केले होते. आज ते नाहीत. लोक अजून त्या जागेला 'माधवराव का धरहरा' म्हणतात. बिंदुमाधव बाजूच्या घरासारख्या इमारतीत आहेत, ते देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. घाटावर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ आहे, 'हजारा' म्हणतात. तो पेटलेला बघायचा तर त्रिपुरी पौर्णिमेला. आणि त्याच्या पलीकडे दुर्गाघाट, ब्रह्मघाट. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात इथे आले आणि त्यांच्यामुळे हा सगळा कोपरा मराठी झाला. आजही गणपतीत तिकडे आलात तर आरती 'सुखकर्ता'च ऐकाल, उच्चार जरा गंगाकाठचे.

एकनाथ महाराजांनी भागवत पुरं केलं तेही काशीतच, शके १४९५, म्हणजे १५७३, कार्तिकी पौर्णिमेला. पैठणचा माणूस इथे बसून मराठीत लिहीत होता आणि पंडित मंडळी नाक मुरडत होती. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना असे खूश व्हायचे जणू तो वाद त्यांनीच जिंकला.

लांबलं. चढण्याउतरण्याचं उद्या लिहितो, बायको जेवायला बोलावते आहे.

कृष्णाकाठची

दुर्गाघाटकर काका, आईला वाचून दाखवलं. 'बाळ्या, जायचंय' ला ती डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली ह्या माणसाचं ऐक. नाना, तुमचेही आभार, क्रूझचा पर्याय मागे ठेवला आहे.

विचारायचं राहिलं: नावेत चढताना गुडघा किती वर उचलावा लागतो? पैसे किती ठरवावेत? आणि आमच्या तारखा त्रिपुरी पौर्णिमेनंतर आहेत, म्हणजे तो हजारा बघायला मिळणार नाही, बरोबर?

ठाणेकर वैद्य

मी थोडा विरोधी सूर लावतो. आरती नावेतून बघण्यासारखं दुसरं काही नाही, माझ्या आईने (८१) बघितली आणि अजून सांगते. फक्त मोठ्या बोटीत नाही, छोटी नाव एकट्याची करून शेवटच्या रांगेत, बाहेरच्या कडेला लावायला सांगायची. थोडं लांबून दिसतं, पण वाटेल तेव्हा सुटता येतं.

आणि नोव्हेंबर म्हणजे सायबेरियन पक्षी आलेले असतील. शेव टाकली की अंगावर येतात, मजा येते. (पक्ष्यांना तळकट चांगलं नाही म्हणतात. आम्हीही टाकली. आता वाटतं नको होती.)

धुकं मात्र लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हात दिसत नाही. नोव्हेंबरात बहुतेक सुटाल.

दुर्गाघाटकर

वैद्यसाहेब, शेवटच्या रांगेची युक्ती पटली, बुवा. आत्याला आधी माहीत असती तर.

ताई, आता कामाचं. त्रिपुरी पौर्णिमा हुकली हे एका अर्थी बरं झालं. त्या रात्री तिकडे देवदिवाळी असते (आपली देवदिवाळी मार्गशीर्षात, ही वेगळी). सगळ्या घाटांवर पणत्या, दिसतं अप्रतिम, पण नावेचे भाव ऐकून माणूस पोहत जाईल. आणि आईंना तिथून बाहेर काढायला चार खांदे लागले असते. शब्द चुकला, पण ठेवतो, काशीत चालतो.

चढणं. नावेची कड पाण्यावरून साधारण गुडघ्याच्या उंचीला असते, आणि नाव हलते. बदललेल्या गुडघ्याला अडचण पायरीची नाही, त्या एका ढांगेची आहे. अस्सीला कधी फळी टाकतात. ती अरुंद असते, म्हाताऱ्या माणसाला तीवर चालवू नका. त्यापेक्षा प्लास्टिकचं बुटकं स्टूल घ्या, अंघोळीला वापरतो तसलं. गोदौलियाला मिळतं. ते काठाच्या पायरीवर ठेवायचं, आईंनी आधी त्यावर उभं राहायचं, मग कडेवर *बसायचं*, तोंड काठाकडे ठेवून, आणि मग दोन्ही पाय एकेक करून आत घ्यायचे. उभ्याने ढांग टाकायची नाही. आत्या पहिल्यांदा उभ्याने गेली आणि माझ्या अंगावर आली. दुसऱ्यांदा बसून गेली, राणीसारखी. नावाडी अनवाणी पायाने नाव काठाला दाबून धरतो, तेवढा वेळ त्याला घाई करू नका. बसायचं मधल्या फळीवर. खाली चादर घाला, पहाटे दव असतं. लाइफ जॅकेट मागून घ्या, आई नको म्हणाल्या तरी.

उतरायचं नमो घाटावर. मालवीय पुलाच्या जवळ, पूर्वी खिडकिया घाट म्हणायचे. नवीन बांधलाय, हात जोडलेले भलेमोठे पुतळे आहेत. ते मला आवडत नाहीत, पण गाडी जवळपर्यंत येते, उताराचा रस्ता आहे, बाथरूम आहे. म्हणजे हॉटेलवरून निघताना एकदा आणि नमोला एकदा. मधला वेळ सव्वा ते दीड तास. आईंचं गणित बसतं. त्या पुलाकडेही बघा, १८८७ चा आहे, वर रस्ता, खाली रेल्वे. गाडी जाताना लोक खिडकीतून नाणी टाकतात. आम्ही पोरं खाली नावेत चुंबक बांधून बसायचो.

पैसे. मी फेब्रुवारीत दोघांच्या वल्ह्याच्या नावेचे अस्सी ते नमो बाराशे दिले, सुरुवात अडीच हजारांपासून झाली होती. तासावर ठरवू नका, 'इथून इथपर्यंत, पंचगंगेला पाच मिनिटं थांबून' असं ठरवा. तासावर ठरवलं की नावाडी एकतर फार जोरात वल्हवतो नाहीतर फार हळू. आणि ज्या घाटावर बसायचं त्याच घाटाच्या नावाड्याशी बोला. प्रत्येक घाटाची आपली मल्लाह मंडळी असतात, सवारी उचलायचा हक्क त्यांचा. दुसऱ्या घाटाचा माणूस 'चला माझी नाव तिकडे आहे' म्हणाला तर भांडण होतं आणि तुम्ही मधे उभे. परतीचे पैसेही त्यात धरा, कारण त्याला रिकामी नाव उलट्या प्रवाहाने अस्सीला न्यायची असते. त्यातच त्याचा खरा घाम जातो. यावर मी फार घासाघीस करत नाही. तुम्हीही करू नका.

एक शेवटचं. पावसाळ्यानंतर गंगा ओसरते तेव्हा पायऱ्यांवर कमरेइतका गाळ असतो. गंगेचंच पाणी पंपाने मारून तो परत गंगेत लोटतात. नोव्हेंबरपर्यंत झालेलं असतं बहुतेक, पण खालच्या पायऱ्या बुळबुळीत असतात. चपला रबरी घाला. आमच्या वाड्याच्या गल्लीत १९७८ च्या पुरात नाव आली होती असं वडील सांगायचे. तेव्हा पाणी ७३.९०१ मीटरला गेलं होतं, धोक्याची खूण ७१.२६२ ची. हा आकडा बनारसच्या पोरांना फोन नंबरसारखा पाठ असतो.

कृष्णाकाठची

जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आल्यावर आईने मावंदं घालायचंच म्हणून हट्ट धरला, त्यात आठवडा गेला. काळभैरवाचे काळे गंडे अर्ध्या सांगलीला वाटून झाले.

पहाटे पावणेसहाला अस्सीवर. त्याआधीची आरती आणि सनई खुर्चीत बसून ऐकली. नाव चौदाशेला ठरली. काका, मी बाराशेवर अडणार होते, पण आईने मधेच 'परत वल्हवत यायचंय त्याला' म्हणून माझाच भाव पाडला. स्टूल हॉटेलच्या खालच्या दुकानात मिळालं, निळं, नव्वद रुपये. काठाकडे तोंड करून बसली, पाय आत घेतले, संपलं. नावाड्याने बघितलं आणि म्हणाला, 'ई तरीका के बताया माताजी को?' मी म्हटलं दुर्गाघाटचे एक जण. तो म्हणाला, मग बरोबर.

खिडकी दाखवली चेतसिंहाची. डावीकडून तिसरी. परत येताना दुसऱ्या नावाड्याला विचारलं, त्याने वरची दाखवली.

मुन्शी घाटाला मी मोठ्याने 'श्रीधर नारायण मुन्शी, नागपूर' म्हटलं. शेजारच्या नावेतल्या लोकांनी बघितलं. अहिल्याबाई घाट आला तेव्हा आईने हात जोडले, पण बोलली काही नाही. मणिकर्णिकेला मीच मान फिरवली. आई बघत होती. चार-पाच चिता होत्या, एकीपाशी एक मुलगा टक्कल करून उभा होता, बारा-तेरा वर्षांचा. आई एवढंच म्हणाली, 'ह्याला स्वेटर घालायला हवा होता कोणीतरी.'

रत्नेश्वर. नावाड्याने बरोबर पहिलीच कथा सांगितली, आईच्या ऋणाची. मी भाषांतर करून सांगितलं. आई त्या वाकड्या देवळाकडे बघत बसली आणि म्हणाली, 'मग तूही तिकिटांचे पैसे काढलेस म्हणून फार ताठ बसू नकोस.'

पंचगंगेला थांबलो. हजारा रिकामाच होता, खणाखणात पारवे. तुमच्या वाड्याचा अंदाज केला, काका, फोटो पाठवते, चुकलं असेल तर सांगा. हिरवी दारं, वर वाळत घातलेली नऊवारी. ती नऊवारी बघून आईने लगेच 'कोणाची असेल' म्हणून चौकशी सुरू केली. नाव काठाला लावायला सांगणार होती, मी थांबवलं.

वैद्यसाहेब, संध्याकाळी तुमची शेवटची रांगही केली, दुसऱ्या दिवशी. अर्ध्यात सुटलो. बाथरूमचं कारण नव्हतं, थंडी वाजायला लागली. शेव टाकली नाही.

एक गडबड झाली. स्टूल पहिल्याच दिवशी नावेत विसरलं. संध्याकाळच्या वेळी नवीन घ्यावं लागलं, आता दोन झाली. पहिल्याबद्दल नावाड्याचा फोन आला होता, अस्सीला पायऱ्यांच्या डाव्या हाताला जो चहावाला आहे त्याच्याकडे ठेवलंय. कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर मागून घ्या आणि परत तिथेच ठेवा.

दुर्गाघाटकर

हिरवी दारं आमची नव्हेत, शेजारच्या काळ्यांची. आमचं त्याच्या डावीकडचं, ज्याचा सज्जा पडलाय. नऊवारी काळे काकूंची. आईंना सांगा, त्या ८८ वर्षांच्या आहेत आणि अजून रोज घाट उतरतात.